सीटचा ब्रॅकेट तुटलाय? आधी रबर शोधा, मग पट्टी कापा

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या आराशीचं, सामान घेऊन मोटरसायकलवरून घरी येत होतो. मागे आई, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत सुपारीचे घड आणि कसली कसली रानफळं. एका स्पीडब्रेकरवर खालून "कट्ट" असा आवाज झाला आणि आई म्हणाली, "अरे, सीट मागे सरकतेय, की मीच सरकतेय?" उतरून बघितलं तर सीटचं शेपूट बोटभर वर उचललं जात होतं. मागच्या दोनपैकी डावा ब्रॅकेट कोपऱ्यात तुटून गेला होता. नारळ बांधायला घेतलेल्या सुंभाने सीट बांधली आणि वीसच्या वेगाने घर गाठलं.

सण उरकल्यावर ब्रॅकेट वेल्डिंगला दिला. दहा मिनिटांत जोडून मिळाला, दिवाळीपर्यंत टिकला आणि पुन्हा तुटला. यावेळी जोडाला काहीच झालं नव्हतं, जोडाच्या जरा बाजूला तुटला होता. आमच्या शेजारच्या काकांनी म्हापशाच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवत पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, म्हणून आयुष्य काढलंय. त्यांनी तुटक्या ब्रॅकेटकडे पाहिलंसुद्धा नाही. सीट उलटी केली आणि विचारलं, "रबरां खंय आसात?"

रबर नव्हतेच. चारपैकी एक होता, तोही दगडासारखा कडक झालेला. या लेखाचा अर्धा जीव त्या प्रश्नात आहे.

वजन कोण उचलतं

स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन अशा लांब एकसंध सीटच्या गाड्यांमध्ये सीटखाली एक कडक तळ असतो, जुन्या गाड्यांत पत्र्याचा आणि हल्ली बहुधा प्लास्टिकचा. त्याच्या पुढच्या टोकाला एक जीभ असते. ती टाकीच्या मागे चेसिसच्या आडव्या नळीखाली किंवा एका खोबणीत सरकते. मागे दोन कान असतात, हेच ते ब्रॅकेट, ते बोल्टने चेसिसला बांधलेले असतात. काही गाड्यांत बोल्टऐवजी चावीचं लॉक असतं. वरवर पाहिलं तर सीट या जीभ-कानांवरच उभी आहे असं वाटतं.

तसं नाही. माणसाचं वजन जातं ते तळाखालच्या रबरी ठोकळ्यांवर आणि तिथून चेसिसच्या दोन नळ्यांवर. ब्रॅकेटचं काम एवढंच की सीट पुढे-मागे किंवा वर जाऊ नये. रबर पडला, झिजला किंवा सीट कव्हर बदलताना परत बसवायचा राहिला की तळ अधांतरी राहतो आणि सगळा भार दोन कानांवर येतो. मग प्रत्येक खड्ड्याला कान केसभर वाकतो आणि परत येतो. हातात पक्कड नसली की आपण तार पुढे-मागे वाकवून तोडतो, तोच प्रकार, फक्त इथे वर्ष-दोन वर्षं लागतात.

त्यात गोव्याची हवा. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. आमच्या खाणपट्ट्यात तर लाल मातीचा चिखल सीटखाली नेमका ब्रॅकेटच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि आठवडाभर ओल धरून ठेवतो. गंजाने पत्र्याला बारीक खड्डे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून ब्रॅकेट जवळजवळ नेहमी वाकवलेल्या कोपऱ्यात किंवा बोल्टच्या भोकातून तुटतो.

सीट काढणे

बोल्ट गंजलेले असणारच, हे धरून चला. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. घरात तो नसेल तर डिझेलचे थेंब चालतात. खोबरेल तेल चालत नाही, मी करून पाहिलंय.

साइड पॅनल आधी काढा. बऱ्याच गाड्यांत ते रबरी बुशांत दाबून बसवलेलं असतं आणि एखादा स्क्रू असतो. एका कोपऱ्यातून जोरात ओढलं तर प्लास्टिकची खुंटी तुटते, म्हणून खुंटीच्या अगदी जवळ हात घालून सरळ बाहेर ओढा. आत सीटचे बोल्ट दिसतील, काही मॉडेलमध्ये ते मागे हँडलजवळ असतात. बोल्ट एम ६ (म्हणजे ६ मिमी जाडीचा) असेल तर १० चा पाना लागतो, एम ८ असेल तर १२ किंवा १३ चा. रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्याने गंजलेल्या बोल्टचे कोपरे उडतात आणि दहा मिनिटांचं काम दिवसभर पुरतं. बोल्ट सोडवण्याआधी किंचित आवळा, गंजाची पकड मोडते, मग उलटा फिरवा.

बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही, असं झालं तर मागचा वेल्ड केलेला नट सुटून सोबत गरगरतोय. मागून नट पकडीने धरता येतो का बघा. जागा नसेल तर बोल्टचं डोकं कापा, दुसरा उपाय नाही.

वायसर, बुश, स्पेसर जे जसं निघेल त्याचा फोटो काढा. स्पेसरची छोटी नळी हरवली की नवा ब्रॅकेट कितीही चांगला बनवला तरी तो वाकडाच आवळला जातो. मग सीट मागे आणि वर ओढून जीभ सोडवा आणि जुन्या गोधडीवर उलटी ठेवा.

काय तुटलंय ते ओळखा

तुटलेल्या कडेकडे उजेडात नीट बघा. काही भाग काळपट-तपकिरी आणि काही भाग चकचकीत असेल तर तडा जुना होता, शेवटच्या खड्ड्याला फक्त उरलेला धागा तुटला. असं असेल तर दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेटही तपासा, तोही अर्ध्या वाटेवर असतो. सगळी कड ताजी आणि चकचकीत असेल तर गाडी पडली किंवा आपटली असणार. मग चेसिसचे कान वाकलेत का ते आधी बघा.

बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. तो भाग घासून साफ करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने अगदी स्वच्छ पुसा आणि वर पांढऱ्या खडूची भुकटी चोळा. तड्यात शिरलेलं तेल खडूत उमटतं आणि ओलसर रेघ दिसते. माझ्या उजव्या ब्रॅकेटवर अशी नखाएवढी रेघ निघाली.

आता तुकडा कोणता ते ठरवायचं. सीटच्या तळाला बोल्टने लावलेला सुटा ब्रॅकेट तुटला असेल तर तुम्ही नशीबवान. तुटलेला तुकडा खिशात घालून स्पेअर पार्टच्या दुकानात जा, मॉडेल आणि वर्ष सांगा. नवा मिळाला तर तोच लावा. हौस म्हणून बनवायच्या वस्तूंपैकी ही नव्हे. जुन्या गाडीचा मिळत नाही, किंवा मिळतो तो कागदासारखा पातळ असतो, तेव्हा पुढचा उपद्व्याप.

ब्रॅकेट पत्र्याच्या तळाला रिव्हेटने किंवा स्पॉट वेल्डने लावलेला असेल, किंवा चेसिसवरचा छोटा कान तुटला असेल, तरीही काम घरी होण्यासारखं आहे. पण तडा कानातून पुढे चेसिसच्या नळीत गेलेला दिसला तर थांबा. त्या नळीवर मागचा शॉक, मागचा माणूस आणि तुमचा जीव असतो. ते चेसिसचं काम करणाऱ्याकडे न्यायचं, तोवर गाडी चालवायची नाही.

नवा ब्रॅकेट बनवणे

लोखंडाची पट्टी हार्डवेअरच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात वजनावर मिळते. २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पट्टी मीटरला साधारण ६०० ग्रॅम भरते. आपल्याला लागणार वीतभर, म्हणजे बहुतेक वेळा कापून उरलेला तुकडाच हातावर ठेवतात. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलात तर तिथल्या हार्डवेअरच्या गल्लीत पट्टी, ड्रिलची पाती, नटबोल्ट सगळं एका फेरीत होतं. गर्दीची तयारी मात्र ठेवा.

जाडीचा मोह आवरा. मूळ पत्रा अडीच मिमीचा असेल तर ३ मिमी पुरे. "आता तुटूच नये" म्हणून ६ मिमीची पट्टी ठोकली की ब्रॅकेट तुटत नाही, चेसिसचा कान तुटतो. दोन्हींपैकी बदलायला स्वस्त तोच तुकडा कमजोर असलेला बरा.

तुटलेले दोन तुकडे एका लाकडी फळीवर तोंडाला तोंड लावून जसे होते तसे जुळवा आणि खिळे ठोकून पक्के करा. आता पुठ्ठ्याचा नमुना कापा. माझा नमुना मोदकाच्या डब्याचा होता. भोकांमधलं अंतर मोजताना मध्यापासून मध्य अंदाजाने मोजू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही भोकं एका मापाची असली की तेच मध्यांमधलं अंतर.

पुठ्ठ्याचा नमुना वाकवून सीटवर ठेवून बघा, चेसिसवर धरून बघा. इथे घालवलेला अर्धा तास पुढे दोन तास वाचवतो.

हॅक्सॉला इंचाला २४ दात्यांचं पातं लावून पट्टी कापा, मापापेक्षा १० मिमी जास्त ठेवून. नंतर वाकवायची, आणि इथे बहुतेकांची चूक होते: दोन्ही भोकं आधी पाडून मग वाकवतात. वाकताना धातू कोपऱ्यात थोडा ताणला जातो, माप सरकतं आणि दुसरं भोक दोन मिमी बाजूला येतं. एक भोक आधी पाडा, पट्टी वाकवा, जागेवर धरून दुसऱ्या भोकाची खूण करा, मगच ते पाडा.

वाकवताना वायसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पट्टीच्या आतल्या बाजूला सहा मिमीची गोल सळी धरा आणि तिच्यावरून पट्टी हातोडीने हळूहळू वळवा. कोपरा गोल आला पाहिजे. काटकोनात धारदार वाकवलेला कोपरा दिसायला छान, पण पुढचा तडा तिथेच जन्मतो. मूळ ब्रॅकेटही तिथेच गेला होता ना? वायस नसेल तर दोन लोखंडी अँगलमध्ये पट्टी पकडून सी-क्लॅम्पने दाबा. ३ मिमीची मऊ लोखंडी पट्टी थंडच वाकते, स्वयंपाकाच्या गॅसवर लाल करायला जाऊ नका. एकदा वाकवल्यावर कोन चुकला म्हणून उलट, परत सुलट, असं दोन-तीनदा झालं तर तो तुकडा टाकून द्या. तुम्ही त्याचं अर्धं आयुष्य आधीच खर्च केलंय.

भोकाच्या जागी सेंटर पंचने ठिपका मारा, नाहीतर ड्रिलचं पातं घसरत जातं. आधी ३ मिमीचं भोक, मग एम ६ बोल्टसाठी साडेसहा मिमी, एम ८ साठी नऊ मिमी. पात्यावर तेलाचे दोन थेंब, वेग कमी, दाब जास्त. आणि पट्टी हातात धरून कधीही ड्रिल करू नका. पातं आरपार जाण्याच्या शेवटच्या क्षणी पट्टीत अडकतं आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. ती क्लॅम्पमध्येच हवी. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे नकोत, मोजा ड्रिलमध्ये गुंडाळला जातो.

चेसिसकडचं भोक गोल न ठेवता थोडं लांबट केलं तर बसवताना सोय होते. शेजारीशेजारी दोन भोकं पाडा आणि मधला पडदा गोल कानशीने काढा. तीन-चार मिमीचा वाव पुरतो, त्यावर मोठा वायसर येणारच आहे. शेवटी सगळ्या कडांची धार कानशीने मोडा आणि चारही कोपरे गोल करा. रंग अजून नको. आधी कोरडी जोडणी करून बघा.

तडा गेलाय पण ब्रॅकेट तुटलेला नाही, माझ्या उजव्यासारखा, तर नवा बनवायची गरज नाही. खडूने दाखवलेल्या तड्याच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. तडा टोकदार असतो म्हणून पुढे सरकतो, गोल भोकात शिरला की थांबतो. मग वरून एक जोडपट्टी ठेवून तड्याच्या दोन्ही बाजूंना बोल्ट मारा. प्रत्येक बाजूला दोन बोल्ट हवेत, एका बोल्टवर पट्टी फिरते. भोक पाडून पट्टी न लावणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

वेल्डिंग: काय घरी, काय बाहेर

माझं मत सरळ आहे: ब्रॅकेट सुटा काढा आणि तेवढाच तुकडा वेल्डरकडे न्या. अख्खी गाडी नेली की माणूस घाईत सीटसकट रॉड मारतो. माझ्या एका नातेवाइकाच्या सीटला असंच जागेवर वेल्डिंग झालं. ठिणगी फोममध्ये गेली, आत धुमसत राहिली आणि सीटला हातभर भोक पडलं. सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो, तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पत्र्याच्या तळाला वेल्ड करायचंच असेल तर रेक्झिन आणि फोम पूर्ण उतरवूनच.

घरी इन्व्हर्टर मशीन असेल आणि हात बसलेला असेल तर २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ३ मिमी पट्टीला ७०-८० अँपिअरच्या आसपास. पत्रा दोन मिमीचा असेल तर २ मिमीचा रॉड आणि करंट बराच खाली, नाहीतर भोक पडतं. मशीनला १६ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग हवं. आधी दोन तुकड्यांच्या कडा ग्राइंडरने तिरक्या करा म्हणजे मध्ये खाच तयार होते, नाहीतर धातू वरवर चिकटतो आणि आत फट राहते. दोन टोकांना टाके मारा, माप पुन्हा तपासा, मग पूर्ण जोडा, दोन्ही बाजूंनी. गार करायला पाण्यात बुडवू नका, हवेवर होऊ दे. मुलामा दिलेला चकचकीत ब्रॅकेट असेल तर जोडाच्या दोन्हीकडचं जस्त घासून काढल्याशिवाय पेटवू नका, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. गॉगल लावून वेल्डिंग करता येत नाही. वेल्डिंगची काळी काच नसेल तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि झोप उडते.

आणि पावसाळ्यात ओल्या अंगणात, अनवाणी, हे काम करायचं नाही.

चेसिसवरचा कान जोडायचा असेल तर गाडीवरच वेल्ड करावं लागतं. मग टाकी काढून लांब ठेवा. बॅटरीची वायर काढा, आधी निगेटिव्ह. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणजे ईसीयू, इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, असतो. तो अनेकदा नेमका सीटखालीच बसवलेला असतो, त्याचा कनेक्टरही काढा. मशीनचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. हँडलला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यांना चरे पाडतो. जवळची वायरिंग ओल्या कापडाने झाका, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा, आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

तळ प्लास्टिकचा असेल तर

तळाच्या आतल्या बाजूला बहुधा कुठेतरी "पीपी" असा इंग्रजी शिक्का असतो, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. हे प्लास्टिक कशालाच चिकटत नाही. एम-सील, इपॉक्सी, झटपट चिकटणारी ट्यूब, सगळं दोन दिवसांत पापुद्रा होऊन निघतं. इथे जोड चिकटवून नाही, चिमटीत धरून करायचा.

तुटलेल्या कानाच्या बाजूच्या स्टेपलच्या पिना स्क्रू ड्रायव्हरने उचकटून तेवढंच रेक्झिन मोकळं करा, फोम वर उचला. तळाच्या वर एक पट्टी आणि खाली एक पट्टी, दोन्ही दीड-दोन मिमीच्या आणि तड्याच्या पलीकडे निदान ३० मिमी जाणाऱ्या. मध्ये प्लास्टिक. आरपार चार बोल्ट. बोल्टचं डोकं फोमच्या बाजूला, तेही चपट्या गोल डोक्याचं, आणि नट खाली. उलटं लावलंत तर बोल्टचं टोक फोममधून वर येतं. कुठे टोचतं ते सांगायला नको. नवा कान खालच्या पट्टीलाच वाकवून काढा, म्हणजे प्लास्टिकवर ओढ पडत नाही. बोल्ट आवळताना प्लास्टिक दबायला लागलं की थांबा, नायलॉनच्या नटने (लोखंडी नट, आत नायलॉनची कडी) पकड राहते. रेक्झिन परत ताणून ६ मिमी पायाच्या पिना मारा, लांब पिना तळातून पार जातात.

पुढची जीभ तुटली असेल तर पद्धत तीच, फक्त जिभेची उंची मिलिमीटरने जुळवा. एवढ्याशा फरकाने सीट टाकीला घासते आणि टाकीचा रंग जातो.

स्कूटरचं गणित वेगळं. तिथे सीट पुढच्या बिजागरीवर उघडते आणि मागे लॉकमध्ये बसते. बिजागरीची पिन झिजून सीट खडखडत असेल तर पिन आणि बुश बदला, पट्टी लावू नका.

आटे गेले असतील तर एम ६ चं भोक ६.८ मिमीने मोठं करून एम ८ चा टॅप मारता येतो, पण भोवती पुरेसा धातू असेल तरच. पातळ पत्र्यावर आटे पाडण्यात अर्थ नाही. मागून नायलॉनचा नट लावा.

रबर

आता मुद्द्याचं. सीटच्या तळाला रबर बसवायच्या खोबणी किंवा खुंट्या मोजा, तितके रबर हवेत. स्पेअरच्या दुकानात मिळाले तर उत्तम. नाहीतर जुन्या मोटरसायकल टायरच्या बाजूच्या भिंतीचे तुकडे कापा. ट्रकचा टायर नको, त्यातल्या तारा चेसिसचा रंग खरवडतात. नुसत्या गोंदावर विसंबू नका, पहिल्या धुण्यात तुकडा पडतो. खोबणीत घट्ट बसेल असा कापा किंवा मधून चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट घ्या, डोकं रबरात बुडेल असा.

उंची किती? इथे स्वयंपाकघरातली कणीक कामाला येते. रबर येतात तिथे चेसिसच्या नळीवर कणकेच्या गोळ्या ठेवा, वर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा टाका. सीट बसवा, बोल्ट हाताने फिरवून नुसते लावा, पाना नको. सीट उचलून गोळ्यांची जाडी मोजा. रबर त्याहून एक-दीड मिमी जाड हवा, म्हणजे बोल्ट आवळल्यावर तो किंचित दबलेला राहतो आणि बसणाऱ्याचं वजन कानापर्यंत पोचतच नाही. फार जाड घेतला तर सीट जबरदस्तीने खाली ओढावी लागते आणि ब्रॅकेट कायम ताणात राहतो, म्हणजे पुन्हा तेच. चारही जागी माप वेगळं आलं तर दचकू नका, माझ्या गाडीत डावी-उजवीत दोन मिमीचा फरक होता.

रंग आणि जोडणी

कोरडी जोडणी जमली की ब्रॅकेट तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासा, थिनरने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका. रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर काळ्या रंगाचे दोन. भोकांच्या आतल्या कडा आणि वाकवलेला कोपरा हमखास राहून जातात. जुलैत हे काम करत असाल तर डब्यावरचा वाळण्याचा वेळ विसरा. आमच्याकडे त्या दिवसांत कपडे तीन दिवस वाळत नाहीत, रंग कुठला. एक रात्र शंभर वॅटच्या जुन्या बल्बखाली टांगून ठेवा.

बोल्ट नवे घ्या, डोक्यावर ८.८ कोरलेले. समुद्राच्या अंगाला राहणाऱ्यांनी स्टेनलेस घेतले तरी चालतं, पण स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की अडकून बसतो, म्हणून आट्यांना ग्रीस हवंच.

आधी पुढची जीभ खोबणीत नीट गेली का हात घालून बघा. मग मागचे दोन्ही बोल्ट हाताने जितके जातात तितके लावा आणि नंतर आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर सीट तिरकी बसते. टॉर्क पाना असेल तर एम ६ ला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, एम ८ ला २० ते २५. नसेल तर वीतभर लांबीचा पाना मनगटाच्या जोराने, अंगाच्या जोराने नाही. टेललाइटची वायर तळाखाली चिमटली गेलेली नाही ना ते बघा. ब्रेक दाबून मागचा दिवा आणि दोन्ही इंडिकेटर लागतात का तपासा.

शेपूट दोन्ही हातांनी वर ओढा, मग डावी-उजवीकडे ढकला. टकटक आवाज आला तर बहुधा जीभ ढिली असते, कान नव्हे. मग जड माणसाला मागे बसवून गाडी जागेवर दाबा आणि बाजूने डोकावा: रबर दबताना दिसला पाहिजे, ब्रॅकेट हलताना दिसता कामा नये. हे पटलं की एकटेच घराजवळच्या खराब रस्त्याने एक फेरी मारा. मागे कोणाला बसवायचं ते त्यानंतर.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर बोल्टांना पुन्हा पाना लावा, रंग आणि रबर बसले की ते थोडे सैलावतात. माझा डावा बोल्ट पाव फेरा फिरला, उजवा जागचा हलला नाही. नंतर मे महिन्यात पावसाआधी आणि चवथीच्या सुमारास, अशी वर्षातून दोनदा सीट उतरवतो, कोपऱ्यातला लाल चिखल धुतो, वाळू देतो, ब्रॅकेटला जुन्या इंजिन ऑइलचा बोळा फिरवतो आणि रबर मोजतो. चार असतात.